ठशाच्या कडेला रंग साचतो, मध्ये कोरं राहतं: हाताने कापड छापताना नेमकं काय चुकतंय?

सुतीधागा

एका सुती ओढणीवर लाकडी ठशाने बुट्ट्या छापायच्या आहेत. ओढणी पातळ मलमलीची, फिकट बदामी रंगाची, २.५ मीटर लांब आणि ९० सेंमी रुंद. ठसा गोल, ६ सेंमी व्यासाचा, आत पानाफुलांची बारीक नक्षी. रंग बाटलीतला तयार कापडी रंग. शिवाय दोन टी-शर्ट आहेत, एक पांढरा आणि एक गडद निळा. त्यांच्यासाठी रबराचा ठसा घरीच कोरायचा विचार आहे.

आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर छापून पाहिलं. रंग ताटलीत ओतला, ठसा त्यात टेकवला, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कापड ठेवलं आणि ठसा दाबला. प्रत्येक छापाच्या कडेला रंगाची जाड झालर आली. फुलाच्या मधल्या पाकळ्या अर्धवटच उमटल्या. नक्षीतल्या बारीक रेघा बुजल्या. रंग पातळ करून पाहिला तर धाग्याधाग्याने बाहेर पसरला. दुसऱ्या दिवशी तुकडा साबणाने धुतला, तर रंग निम्मा उतरला.

यातली कुठली चूक रंगाची, कुठली ठशाची आणि कुठली कापडाची, हे कसं ओळखायचं? ओढणीला हात लावण्याआधी हे समजून घ्यायचंय.

लाकडीठोकळा

तुमच्या वर्णनातल्या पहिल्या तीन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत असं वाटतं खरं, पण कारणं दोन आहेत. झालर येते आणि रेघा बुजतात त्या ठशावर रंग जास्त झाल्यामुळे. मधल्या पाकळ्या उमटत नाहीत त्या खाली टेबल कडक असल्यामुळे. ही दोन कारणं वेगवेगळी धरा, नाहीतर पाकळ्या उमटाव्यात म्हणून तुम्ही आणखी रंग लावाल आणि झालर आणखी जाड होईल. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आधी रंग. ठसा कधीही रंगात बुडवायचा नाही. बुडवला की रंग कोरलेल्या खाचांत शिरतो आणि दाब पडला की तिथून कडेने बाहेर येतो. रंग फक्त नक्षीच्या उंच भागावर बसायला हवा, तोही पातळ थर. त्यासाठी रंगाची गादी बनवा. ठशापेक्षा थोडा मोठा सपाट ट्रे घ्या, त्यात सेंटीमीटरभर जाडीचा दाट स्पंज बसवा आणि त्यावर मलमलीचं किंवा बारीक जाळीचं कापड ताणून घाला. स्पंज आधी ओला करून घट्ट पिळून घ्या, कोरडा स्पंज रंग पिऊन टाकतो. मग एक-दोन चमचे रंग ओता आणि चपट्या ब्रशने सगळीकडे सारखा पसरवा. ठसा या गादीवर हलकेच दोनदा टेकवायचा, दुसऱ्या वेळी थोडा फिरवून. प्रत्येक छापासाठी एवढंच. आठ-दहा छाप झाले की ब्रशने पुन्हा थोडा रंग पसरवा.

गादी बनवायची नसेल तर स्पंजच्या बोळ्याने थोपटत रंग लावा किंवा छोटा फोमचा रोलर वापरा. ब्रशने रंग थेट ठशावर ओढू नका. ब्रशच्या केसांच्या रेघा छापात दिसतात आणि रंग खाचांतही ढकलला जातो.

रंग लावलेला ठसा एकदा उजेडाकडे तिरका धरून बघा. नक्षीचा माथा ओलसर पण मंद दिसला पाहिजे, संत्र्याच्या सालीसारखा किंचित खवल्यांचा. आरशासारखा चकाकत असेल तर रंग जास्त आहे. कोरीव खाचेच्या कडेला रंगाची बारीक माळ दिसली, तर तो छाप कापडावर मारूच नका, आधी रद्दी कपड्यावर एक छाप काढून टाका. ठसा उचलताना हलका ‘चट्’ असा आवाज आला तर थर बरोबर आहे. ‘पच्’ असा ओला आवाज आला तर जास्त.

रंगात पाणी घालायचा मोह टाळा. तयार कापडी रंग साधारण जेवढा हवा तेवढाच घट्ट असतो. चमचा उलटा केला तर तो लगेच ओघळू नये. पाणी वाढलं की ते धाग्यातल्या बारीक पोकळ्यांतून पळतं आणि रंगाला सोबत घेऊन जातं. तुम्हाला ‘धाग्याधाग्याने’ पसरलेला दिसला तो यामुळेच. रंग घट्टच झाला असेल तर दर १० भाग रंगाला १ भाग पाणी, त्यापुढे नको. फिकट छटा हवी असेल तर पाणी नव्हे, एक्स्टेंडर किंवा बाइंडर, म्हणजे रंगाचाच बिनरंगी घट्ट द्रव, मिसळा. त्याने छटा फिकी होते, दाटपणा तोच राहतो.

आता खालची बैठक. लाकडी ठसा कडक असतो आणि कितीही चांगला कोरला तरी तो काचेइतका सपाट नसतो. त्यामुळे खाली मऊ बैठक लागते, म्हणजे कापड ठशाच्या सखल भागापर्यंत वर उचललं जातं. जुनं ब्लँकेट चार घड्या करून टेबलावर ताणून बसवा, साधारण दीड ते दोन सेंमी जाडी येईल. त्यावर जुनी सुती चादर, तीही ताणून. वर्तमानपत्र नको. ते दाबलं की सुरकुततं आणि त्याची शाई ओल्या कापडाला लागते.

ठसा कापडावर ठेवल्यावर सरकवायचा नाही. डाव्या हाताने धरायचा आणि उजव्या हाताच्या तळव्याच्या टाचेने मधोमध एकदा दाबायचा. तुमचा ६ सेंमीचा आहे, त्याला एवढं पुरेल. ८ सेंमीच्या वर गेलात तर मधोमध आणि मग चारी बाजूंना मुठीने ठोका. दोन-तीन सेकंद थांबा आणि सरळ वर उचला. एक कड आधी उचलली तर दुसऱ्या कडेला सावलीसारखा दुहेरी छाप येतो.

एवढं करूनही पाकळ्या कोऱ्याच राहिल्या तर ठसाच वाकडा आहे. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पालथा, म्हणजे खरखरीत बाजू वर करून ठेवा. ठशाचा माथा मऊ पेन्सिलने काळा करा आणि पेपरवर गोल गोल हलकेच पाच-सहा वेळा फिरवा. जिथे काळं राहिलं तो भाग सखल. काळं सगळीकडून निघेपर्यंत घासा. नक्षीची खोली २ मिमीपेक्षा कमी असेल तर मात्र घासू नका, खाचाच संपतील.

खळकाढा

वरच्या प्रतिसादाला +१. धुण्यात रंग निम्मा उतरला त्याबद्दल मी लिहिते. तिथे दोन गोष्टी राहिल्या: कापड तयार केलं नव्हतं आणि छापलेला रंग इस्त्रीने पक्का केला नव्हता.

नव्या कापडावर खळ असते आणि बऱ्याचदा वर सुरकुत्या न पडण्यासाठीचा किंवा मऊपणासाठीचा लेप असतो. कापडी रंग म्हणजे पिगमेंटचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं ॲक्रिलिक बाइंडर. हा रंग डायसारखा, म्हणजे विरघळणाऱ्या रंगासारखा, धाग्याच्या आत शिरत नाही, धाग्याला वरून चिकटतो. मध्ये खळीचा थर असेल तर तो खळीला चिकटतो, आणि पहिल्या धुण्यात खळ जाताना रंगालाही घेऊन जाते. जुन्या चादरीवर खळ नसेल कदाचित, पण कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरचा थर असू शकतो. परिणाम तोच.

म्हणून ओढणी कोमट पाण्यात साध्या डिटर्जंटने धुवा आणि दोनदा खळबळून घ्या. कंडिशनर अजिबात नको. वाळल्यावर कापडाच्या चार-पाच ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब सोडा. थेंब दोन-तीन सेकंदांत मुरला तर कापड तयार आहे. मोत्यासारखा वरच राहिला तर पुन्हा धुवा. या धुण्याचा दुसरा फायदा म्हणजे सुती कापड जे काही आटायचं ते छापण्याआधीच आटतं. नंतर आटलं तर छाप चुरगळल्यासारखा दिसतो.

ओढणी खरंच सुती आहे ना, हेही पाहून घ्या. कडेचा एक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळा. सुती धागा कागदासारखा वास येत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. उभा आणि आडवा दोन्ही धागे तपासा, कधीकधी एकच मिश्र असतो. निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असेल तर साधा कापडी रंग त्यावर नीट धरत नाही, त्यासाठी बाटलीवर सिंथेटिक कापडाचा उल्लेख असलेला रंग लागतो.

इस्त्रीबद्दल: छाप पूर्ण वाळू द्या, २४ तास. हाताला कोरडा लागतो तो वरचा थर, आत ओल असते. नंतर वाफ बंद करून, उलट्या बाजूने, किंवा वर पातळ सुती कापड टाकून, सुती कापडाच्या तापमानाला इस्त्री करा. इस्त्रीवरच्या एका ठिपक्याचा अर्थ कमाल ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके १५० आणि तीन ठिपके २००. बऱ्याचशा कापडी रंगांना १५० अंशांच्या आसपास तीन ते पाच मिनिटं लागतात. नेमका आकडा तुमच्या बाटलीवर असेल, तोच प्रमाण माना. मिनिटं ही प्रत्येक जागेसाठी आहेत, सगळ्या कापडाची मिळून नाहीत. इस्त्री एका जागी ठेवून न देता त्याच टप्प्यात सावकाश पुढेमागे फिरवत राहा, म्हणजे कापड करपत नाही.

पहिलं धुणं त्यानंतर निदान तीन दिवसांनी, आठवडाभराने केलं तर उत्तम. उलट बाजू वर करून, गार पाण्यात, ब्रश न मारता.

सुतीधागा

दोघांचेही मनापासून आभार. गादी आणि ब्लँकेट वापरून तुकड्यावर पुन्हा छापलं, कडा स्वच्छ आल्या आणि पाकळ्याही उमटल्या. नवे प्रश्न तीन. मलमलीच्या कापडातून रंग आरपार जाऊन खालच्या चादरीला चिकटतो आणि पुढचा छाप घेताना तोच रंग मागून लागतो, याचं काय करायचं? बुट्ट्या सरळ ओळीत आणि आलटूनपालटून कशा आखायच्या, आणि ५० मिलीची एक बाटली पुरेल का? आणि गडद निळ्या टी-शर्टवर पिवळा रंग छापून पाहिला, तो जवळजवळ दिसतच नाही.

रेघआणिसूत

आखणीचं मी सांगतो. मोजमाप आधी कागदावर करा, कापडावर नाही.

बुट्टी ६ सेंमीची आहे. दोन बुट्ट्यांमध्ये ९ सेंमी मोकळी जागा ठेवली तर एका बुट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५ सेंमी. ९० सेंमी रुंदीत सहा रांगा बसतात. पहिल्या रांगेचा मध्य काठापासून ७.५ सेंमीवर, पुढच्या दर १५ सेंमीवर. लांबीच्या २५० सेंमीत १५ चे सोळा घर म्हणजे २४० सेंमी. उरले १०, ते दोन्ही टोकांना पाच-पाच सोडा. पहिली, तिसरी, पाचवी रांग: टोकापासून १२.५ सेंमीवर पहिली बुट्टी, एकूण १६. दुसरी, चौथी, सहावी रांग अर्ध्या घराने खाली: टोकापासून २० सेंमीवर सुरुवात, एकूण १५. म्हणजे ४८ आणि ४५, मिळून ९३ बुट्ट्या. धुतल्यावर ओढणी आटली असेल तर हे आकडे नव्या मापाने पुन्हा काढा, नाहीतर शेवटची बुट्टी काठावर चढते.

रंगाचा हिशेब असा. ६ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंमी. नक्षीचा माथा त्याच्या निम्मा धरला तर १४. रंगाचा ओला थर दहांश मिलीमीटर धरला तर एका छापाला ०.१४ मिली. ९३ छापांना १३ मिली. गादीत मुरून राहतो तो साधारण २० ते २५ मिली. म्हणजे ५० मिलीची बाटली पुरते. पण रंग मिसळून छटा बनवली असेल तर लागेल त्याच्या दीडपट एकदमच बनवून झाकणाच्या डबीत ठेवा. तीच छटा दुसऱ्यांदा जमत नाही.

कापडावर खुणा करण्यासाठी पेन टाळलेलं बरं. पाण्याने जाणारं निळं पेन इस्त्रीच्या उष्णतेने कायमचं बसू शकतं. इस्त्रीने अदृश्य होणारं पेन थंडीत पुन्हा दिसू शकतं. शिवणाचा खडू चालेल, पण छापाखाली खडू आला तर रंग नीट धरत नाही. सगळ्यात निर्धोक म्हणजे साधा शिवणाचा दोरा. कापड ब्लँकेटवर टाचण्यांनी ताणून बसवल्यावर दोन टोकांना टाचण्या टोचून दोरा घट्ट ओढून बांधा. ही एका रांगेची मध्यरेघ. दोऱ्यावर १५-१५ सेंमीवर पेनने ठिपके आधीच करून ठेवा, आणि शाई पूर्ण वाळल्यावरच दोरा वापरा. ठशाच्या चारी बाजूंना मध्यभागी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर उभी रेघ ओढा. रेघ दोऱ्यावर आणि ठिपक्यावर जुळवायची, ठसा टेकवण्याआधीच दोरा बोटाने किंचित बाजूला घ्यायचा आणि छापायचं. कापडावर एकही खूण राहत नाही.

कापड ताणताना उभा आणि आडवा धागा एकमेकांना काटकोनात आहेत का ते बघा. मलमल पटकन तिरकी ओढली जाते. तिरक्या कापडावर सरळ छापलं की सोडल्यावर रांगा वाकड्या होतात, आणि मग दोष ठशाला दिला जातो.

छापायला मधल्या रांगांपासून सुरुवात करा आणि बाहेर जा. हात ओल्या छापावर पडणार नाही अशी दिशा ठरवून घ्या. काठाला किनारीचा ठसा वापरणार असाल आणि कोपऱ्यात वळवायचा असेल, तर कोपऱ्यावर ४५ अंशात कापलेला बटर पेपर ठेवा, त्याच्यावरून छापा, वाळू द्या, मग कागदाने तिरक्या रेघेपलीकडची छापलेली बाजू झाकून दुसऱ्या दिशेने छापा. जोड नेमका तिरक्या रेघेवर येतो.

लाकडीठोकळा

मलमलीचं आरपार जाणं थांबत नाही, ते सांभाळायचं असतं. ब्लँकेटवरच्या चादरीवर आणखी एक धुतलेलं, शोषणारं पातळ सुती कापड पसरा. मलमल त्याच्यावर टाचा. आरपार आलेला रंग ते कापड शोषून घेतं, मागे डाग साचत नाहीत. पॉलिथिन किंवा रेक्झिन मात्र खाली घालू नका. त्यावर रंग शोषला जात नाही, मलमलीच्या मागच्या बाजूने पसरतो आणि छापाच्या कडेला धूसर वलय येतं.

एक टप्पा छापला की मलमल तिथेच अर्धा तास वाळू द्या, मग दोघांनी दोन टोकं धरून सरळ वर उचला. ओढत पुढे सरकवली तर मागचा ओला रंग फराटे मारतो. पुढच्या टप्प्यासाठी खालचं शोषक कापड कोरड्या भागावर सरकवा किंवा बदला. तीन-चार तुकडे हाताशी असले की काम अडत नाही.

हवा कोरडी आणि गरम असेल तर रंग गादीवरच वाळायला लागतो. ओळखायची खूण अशी की नक्षीच्या बारीक रेघांवर आधी कोरडे ठिपके दिसतात. पंखा थेट गादीवर येऊ देऊ नका. छपाईत खंड पडला तर गादीवर ओलं, पिळलेलं कापड झाका. ठशावर रंग चिकट व्हायला लागला की नक्षी लगेच घासून घ्या, बुजल्यावर नाही.

रबरकोरणी

टी-शर्टच्या दोन्ही बाबी माझ्याकडे.

आधी गडद निळा. साधे कापडी रंग पारदर्शक असतात. पिवळा पारदर्शक रंग निळ्यावर टाकला की तो निळ्यावर घातलेल्या पिवळ्या काचेसारखा असतो, दिसणार काय? गडद कापडासाठी बाटलीवर ‘ओपेक’ लिहिलेला रंग हवा. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा असतो, तो खालचा रंग झाकतो. ओपेक पिवळाही एका थरात पूर्ण झाकेलच असं नाही. दुसरा उपाय म्हणजे आधी ओपेक पांढऱ्याने छापायचं, वाळवून इस्त्री करायची आणि त्याच जागेवर पिवळा छापायचा. पण हाताने दुसरा छाप पहिल्यावर तंतोतंत बसणं कठीण, अर्धा मिलीमीटर सरकला तरी पांढरी कड दिसते. म्हणून बारीक नक्षी असेल तर हे करू नका. ठसा ठळक, भरीव आकारांचा असेल तरच करा, किंवा पिवळा ठशाऐवजी छोट्या ब्रशने भरा. धातूच्या चमकीचे रंग, सोनेरी, रुपेरी, तांबूस, गडद कापडावर चांगले उठतात, फक्त १ मिमीपेक्षा अरुंद खाचांत त्यांचा चुरा अडकतो.

आता ठसा कोरणं. मऊ कोरीव रबर घ्या, साधारण ८ ते १० मिमी जाडीचं. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने काढा, कागद पालथा रबरावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. रबरावर चित्र उलटं येतं, म्हणजे कापडावर सुलटं छापतं. अक्षरं असतील तर यावर विशेष लक्ष ठेवा. रबरावर अक्षर वाचता आलं तर ते चुकलंय.

कोरताना दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. एक, रेघेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात, टेकडीसारख्या. माथा अरुंद, पाया रुंद. कोरणी उलटी तिरकी झाली आणि रेघेच्या खाली पोकळी पडली, तर चार-पाच दाबांत ती रेघ वाकते आणि तुटते. दोन, वळणावर कोरणी वळवायची नाही, रबर फिरवायचं. कोरणी स्थिर हाताने सरळ पुढे, रबर डाव्या हाताने फिरत राहतं. वळण गुळगुळीत येतं, पायऱ्या पडत नाहीत. डावा हात कधीही कोरणीच्या पुढे ठेवू नका.

आधी V आकाराच्या बारीक कोरणीने आकाराची कड कोरा, मग U कोरणीने मोकळा भाग काढा. रेघांजवळ २ मिमी खोली पुरते. मोठे मोकळे पट्टे ३ मिमीपर्यंत न्या, नाहीतर दाबाने रबर दबून तिथला रंग कापडाला लागतो. काही ठिकाणी कोरणीच्या रेघा उमटतात आणि काहींना त्या आवडतात, मला स्वतःला ठसा स्वच्छ उमटलेलाच बरा वाटतो. कोरून झाला की सपाट ठोकळ्यावर पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने चिकटवा. नुसतं रबर हाताने दाबलं तर बोटांच्या जागी छाप गडद येतो.

आणि इथे ब्लँकेटचा नियम उलटा होतो. मऊ ठशाला खाली कडक बैठक लागते. ब्लँकेटच्या चार घड्यांवर रबर दाबलं की कापड खाचांत शिरतं आणि मोकळा भागही रंगतो. टी-शर्टसाठी पुठ्ठ्याचा सपाट तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, त्यावर सुती कापडाचा एक थर टाका, बस्स. मलमलीला प्लॅस्टिक चालत नाही ते खरं, पण टी-शर्टचं जर्सी कापड जाड असतं आणि वरचा सुती थर राहिलेला रंग टिपतो. पुठ्ठा नसेल तर रंग मागच्या बाजूला जातोच जातो.

टी-शर्ट पुठ्ठ्यावर ताणू नका. सुरकुती जाईल एवढाच सपाट करून कडेने मास्किंग टेपने धरा. ताणून छापला तर सोडल्यावर आकार आखडतो, वर्तुळाचा अंडाकृती होतो. रंगही इथे पातळच लावा. होजिअरी ताणली जाते, जाड थर तिच्याबरोबर ताणला जात नाही, तडे जातात आणि पोपडे निघतात. साधा ॲक्रिलिक रंग वापरायचा झालाच तर त्यात टेक्सटाइल मीडियम घाला, साधारण दोन भाग रंगाला एक भाग मीडियम. मीडियमशिवायचा ॲक्रिलिक वाळल्यावर पुठ्ठ्यासारखा ताठ होतो.

खळकाढा

‘मऊ ठशाला कडक बैठक’ या मुद्द्यात एक भर. अतिबारीक नक्षीच्या रबराला खाली अगदी टणक पुठ्ठाही चालत नाही, छाप तुटक येतो. सुती कापडाचे दोन थर टाकून एकदा तपासून बघा, एक की दोन ते त्यावरून ठरवा.

आणि ९३ बुट्ट्यांचा आकडा पाहून इस्त्रीचा हिशेब लिहावासा वाटला, कारण तिथेच घाई होते. एका बुट्टीला तीन मिनिटं धरली तर ९३ बुट्ट्यांना २७९ मिनिटं, म्हणजे साडेचार तासांहून जास्त. इस्त्रीच्या तळाखाली दोन बुट्ट्या आल्या तरी अडीच तास. हे एका बैठकीत होत नाही, आणि दहाव्या मिनिटालाच ‘झालं असेल’ असं वाटू लागतं. दोन-तीन दिवसांत विभागून करा. झालेल्या रांगेच्या काठाला टाचणी लावत जा, म्हणजे कुठपर्यंत आलो ते कळतं. ओढणीची घडी घालून दोन थर एकदम इस्त्री करू नका. खालच्या थरापर्यंत उष्णता पुरेशी पोहोचत नाही आणि वरच्याला जास्त होते.

ओळखीत कुणाकडे ३८ सेंमी चौरस पाट्याचं हीट प्रेस यंत्र असेल तर २.५ मीटर बाय ९० सेंमी ओढणी एकवीस टप्प्यांत होते: आडव्यात तीन, उभ्यात सात. तापमान सगळीकडे सारखं राहतं, हा मोठा फायदा. रंगाच्या बाटलीवर प्रेसचं वेगळं तापमान आणि वेळ दिलेली असेल तर तीच वापरा.

थंड फिक्सर नावाचा द्रव काही रंगांबरोबर मिळतो, त्यात इस्त्रीची गरज कमी होते. रंगात मिसळल्यावर मात्र तो ठरावीक तासांतच वापरून संपवावा लागतो, उरलेला बाटलीत परत ओतू नका, सगळा रंग जमून जातो.

पक्का झाला की नाही हे तपासायला ओल्या पांढऱ्या सुती कापडाने छापाच्या एका कोपऱ्यावर दहा वेळा घासा. कापडाला रंग लागला तर पुन्हा इस्त्री. न लागला तर धुवायला हरकत नाही.

सुतीधागा

सगळे मुद्दे वहीत उतरवून घेतले. शेवटचं एवढंच विचारायचंय की छापताना एखादा छाप सरकला किंवा रंगाचा थेंब पडला तर काय करायचं? आणि काम संपल्यावर लाकडी ठसा पाण्यात भिजत घातला तर चालेल ना?

लाकडीठोकळा

ठसा पाण्यात भिजत घालू नका, लाकूड फुगतं, वाळताना तडकतं आणि सपाटपणा जातो. वापर संपला की लगेच ओल्या फडक्यावर दोन-चार वेळा छापून रंग काढा, मग मऊ टूथब्रशने कोमट साबणपाण्यात खाचा घासा, मिनिटाभरात आटोपा. पालथा ठेवू नका, नक्षी वर करून सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर कडा उचलल्या जातात. नव्या ठशाला तेल मुरवलेलं असेल आणि छापात रंग थेंबाथेंबांनी बसत असेल, तर एकदा साबणपाण्याच्या ब्रशने धुवा, वाळवा आणि रद्दी कपड्यावर दहा-बारा छाप काढा, वरचं तेल निघून जातं.

वाळून खाचेत बसलेला रंग सुईने उकरू नका, लाकडाचे कंगोरे तुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला टूथब्रश फिरवला की ॲक्रिलिक मऊ पडून निघतं. खिडकी उघडी ठेवा आणि हे काम विस्तवाजवळ करू नका.

रबरकोरणी

थेंब पडला तर पुसायचा नाही, पुसला की फराटा होतो. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या कोपऱ्याने वरचा रंग उचला. कापडाखाली शोषक कापडाची घडी धरा आणि ओल्या कापसाने वरून टिपत राहा, दर वेळी कापसाची कोरी बाजू वापरा. रंग ओला असतानाच हे काम करायचं, पहिली दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. वाळल्यावर तो काढता येत नाही. मग त्या जागी एक छोटी पाकळी किंवा कळी कोरून ती सगळ्या ओढणीवर मोकळ्या घरांमध्ये अधूनमधून छापा. त्यासाठी दीड सेंमीचं एक रबर आधीच कोरून हाताशी ठेवा, सुरुवात करण्यापूर्वीच.

सरकलेला छाप असेल तर त्यावर तोच ठसा पुन्हा मारू नका, दुप्पट दिसतो. तो वाळू द्या आणि पुढचे छाप ठरल्या जागी मारत राहा. सगळ्या बुट्ट्या पूर्ण झाल्यावर लांबून पाहा. ९३ मधली एक अर्धा सेंमी सरकलेली असेल, तर ती कुठली हे तुम्हालाही शोधावं लागेल.